हातात न मावणारा फोन

(रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा आहे तशीच ठेवली आहे.)

कुणाची दुपारची भांडी चालली असतील, कुणी शेंगा फोडत बसली असेल, कुणी डाळिंबाच्या बागेत झाडाला रेडिओ अडकवून काम करत असेल. हातातलं काम थांबवू नका. मी बोलते, तुम्ही ऐका.

मी आटपाडी तालुक्यातली. आमच्या भागातली पोरं सोन्या-चांदीच्या गलाईच्या कामाला देशभर गेलेली आहेत, हे तुम्हांला ठाऊकच आहे. माझा थोरला तमिळनाडूत आहे. मागच्या दिवाळीला तो आला, तेव्हा स्वतःसाठी नवा फोन घेऊन आला आणि जुना माझ्या हातात ठेवला. जुना म्हणजे दीड वर्ष वापरलेला. पण घेतला तेव्हा तो 1 लाखाच्या वर पडला होता. एवढ्यात दावणीला एक चांगली दुभती गाय आली असती. कंपनीचं नाव मी सांगत नाही. जाहिरात करायला मी इथं बसलेली नाही, आणि निंदा करायलाही नाही.

फोनची पाटी, म्हणजे स्क्रीन, 6.8 इंचाची. हे माप वरून खाली मोजत नाहीत, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजतात. दुकानात कुणी "मोठी स्क्रीन" म्हणालं तर हे ध्यानात ठेवा. मी हौसेनं किराणा दुकानाच्या काट्यावर तो ठेवून बघितला. कव्हरसकट 265 ग्रॅम भरला. आमच्या सासूबाईंनी तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाल्या, "ह्यो फोन हाय का पाटी? लेकानं आईला शाळंत घातलंय बघा." सगळे हसले. पण म्हातारीचं बोलणं खरं ठरलं. गेलं वर्षभर मी शाळेतच आहे.

आज मी त्या वर्षाचा हिशेब तुमच्यापुढं मांडणार आहे. कारण शेवटी गटाच्या बैठकीत माझ्यावर अशी वेळ आली, की हा हिशेब मला तोंडानं सांगावाच लागला. त्या बैठकीचं पुढं सांगते.

पहिले दोन महिने तो फोन मी वापरलाच नाही. पेटीत, पैठणीच्या घडीखाली ठेवला. रोज रात्री काढायचा, पोराशी बोलायचं, पुसून परत ठेवायचा. शेतावर माझा जुना, काच तडकलेला फोनच न्यायची. पडला तर, कुणी नेला तर, म्हशीनं पाय दिला तर, हीच भीती. थोरल्याला हे कळलं तेव्हा तो चिडला. म्हणाला, "आई, तुला फोन दिलाय, दागिना नाही. पेटीतच ठेवायचा तर मला परत दे, मी विकतो." त्या दिवशी मी फोन बाहेर काढला.

बाहेर काढला आणि पहिली अडचण हाताची. पुरुषांचे पंजे मोठे, खिसे मोठे. आपला अंगठा पाटीच्या वरच्या कोपऱ्याला पोचत नाही. एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं काम, हे आपलं रोजचं. कडेवर पोर, नाहीतर हातात उलथनं. असा मोठा फोन एका हातानं चालवायला गेलं, की तो निसटतोच. रात्री आडवी पडून बघताना माझ्या नाकावर दोनदा आपटला. पाव किलोचा दगड तो, डोळ्यांत पाणी आलं. ब्लाऊजमध्ये मावत नाही, कमरेला खोचला तर वाकलं की पडतो.

मग मी दोन गोष्टी केल्या. एक, माझ्या धाकटीनं सेटिंगमध्ये जाऊन 'वन हँडेड मोड' चालू करून दिला. त्यानं बोट खाली ओढलं की सगळं चित्र लहान होऊन खाली, अंगठ्याजवळ येतं. बहुतेक मोठ्या फोनमध्ये ही सोय असते, पण ती बंद असते, आपण चालू करावी लागते. दुसरं, मी जुन्या खणाची एक पिशवी शिवली. आत गोधडीचा तुकडा घातला, वर झाकण आणि बटण लावलं, गळ्यात तिरकी अडकवता येईल असा लांब पट्टा केला. आमच्या गटातल्या दोघीतिघींनी ती बघून स्वतःच्या फोनसाठी शिवल्या. दुकानातल्या कुठल्याही कव्हरपेक्षा मला तीच पिशवी कामाला आली.

पिशवी शिवायच्या आधी मात्र फोन दोनदा पडला. पहिल्यांदा उंबऱ्यावर. तेव्हा वरची संरक्षक काच फुटली, 300 रुपयांत नवीन लावून झाली. दुसऱ्यांदा गोठ्यातल्या फरशीवर पाठीवर पडला आणि पाठ तडकली. हो, ह्या महागड्या फोनची पाठसुद्धा काचेची असते. शहरात दुरुस्तीला नेला तर नुसत्या पाठीचे 6,000 रुपये सांगितले. आणि तो माणूस म्हणाला, "काकू, नशीब समजा. पुढची पाटी गेली असती तर 20 हजारांच्या वर गेलं असतं." मैत्रिणींनो, 20 हजार! तेवढ्यात अख्खा नवा फोन येतो. मी पाठ दुरुस्त केली नाही. चिकटपट्टी लावली, वर कव्हर घातलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

ह्या पाठीवरून पाण्याचं सांगते. असे फोन पाण्यात पडले तरी चालतात, असं दुकानदार सांगतात. ते अर्धंच खरं. माझ्या फोनला आयपी 68 म्हणून दर्जा आहे. त्याचा अर्थ एवढाच, की साध्या गोड्या पाण्यात दीड मीटर खोलीवर अर्धा तास ठेवून त्याची परीक्षा घेतलेली आहे, तीसुद्धा नव्या, न तडकलेल्या फोनची. साबणाचं पाणी, फवारणीचं औषध, समुद्राचं खारं पाणी ह्यात ते येत नाही. फोन जुना झाला, एकदा तडा गेला, की तो भरवसाही गेला. शिवाय पाण्यानं बिघडला तर वॉरंटीत सहसा बसवून घेत नाहीत. म्हणून कितीही महाग असला, तरी धुण्याच्या दगडावर आणि फवारणीच्या पंपाजवळ फोन नको.

आता विजेचं. ह्या फोनच्या खोक्यात चार्जर आलेलाच नव्हता, नुसती वायर. बऱ्याच कंपन्या आता महागड्या फोनबरोबर चार्जर देत नाहीत. मी बाजारातून 150 रुपयांचा चार्जर आणला. लावला की फोन तव्यासारखा तापायचा आणि बोट लावलं एकीकडं की उघडायचं भलतंच. मला वाटलं फोन बिघडला. थोरल्यानं त्याच्याकडचा चांगला चार्जर धाडला, तेव्हा दोन्ही तक्रारी गेल्या. दोष फोनचा नव्हता, माझ्या 150 रुपयांचा होता. बॅटरी मात्र दमदार आहे. आमच्याकडं वीज कधी जाते, कधी येते, ते सांगता येत नाही. सकाळी पूर्ण भरलेला फोन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरतो. पण उन्हाळ्यात बांधावर, उन्हात ठेवला तर तो तापतो आणि कॅमेरा आपोआप बंद करतो. अशा वेळी सावलीत ठेवायचा, कव्हर काढायचं, हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढला की आतल्या आत घाम धरतो आणि तेच पाणी फोनला मारक ठरतं.

आणि बोटांचं तर सांगायलाच हवं. फोनला बोटाच्या ठशाचं कुलूप. पोरानं हौसेनं माझा अंगठा नोंदवला. सकाळी उघडायचा, संध्याकाळी नाही. खुरपणी झाली, कांदे कापले, भांडी घासली, की अंगठ्यावरच्या रेषाच पुसट होतात. रेशनच्या मशीनवर, बँकेत आधारला आपला अंगठा उमटत नाही, त्यातलाच हा प्रकार. लाखाचा फोनसुद्धा बाईच्या कष्टाचा अंगठा ओळखेना. मला तेव्हा हसूही आलं आणि वाईटही वाटलं. उपाय सांगते. हात धुवून, खोबरेल लावून, पुसून, मग ठसा नोंदवायचा. ज्या बोटावर कमी काम पडतं ते बोट घ्यायचं. मी डाव्या हाताचं मधलं बोट घेतलं आणि तेच बोट दोनदा नोंदवलं. आणि बरोबर आकड्यांचं कुलूपही ठेवलं. तो आकडा जन्मतारखेचा नको, 1234 नको.

हे झालं जाचाचं. आता सुखाचंही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, फुकट मिळालेल्या फोनला ही नावंच ठेवत बसली.

माझं वय 46. चष्मा लागला आहे, पण शेतात कोण घेऊन जातं? जुन्या फोनवर बँकेचा मेसेज आला की मी धाकटीला हाक मारायची, "अगं, वाच गं काय आलंय." म्हणजे माझ्या खात्यात किती आले, किती गेले, हे आधी घराला कळायचं आणि मग मला. ह्या फोनवर मी सेटिंगमध्ये, डिस्प्लेमध्ये जाऊन अक्षरं मोठी केली. मोठ्या पाटीवर मोठी अक्षरंसुद्धा पूर्ण ओळीनं दिसतात, तुटत नाहीत. आता माझा मेसेज मी वाचते. मैत्रिणींनो, ही गोष्ट ऐकायला लहान वाटेल. पण ज्या बाईला दुसऱ्याच्या तोंडून स्वतःची शिल्लक कळते, तिला विचारा.

गटाच्या कामालाही तो उपयोगी पडला. मी गटाची सचिव आहे. बैठकीचं इतिवृत्त लिहायला पूर्वी रात्र जायची. आता कीबोर्डवर माईकचं चित्र दाबून मराठीत बोलते, फोन लिहितो. चुका करतो. 'कर्जफेड'चं एकदा 'गर्जफेड' केलं होतं. त्या दुरुस्त करते आणि मग वहीत उतरवते. वही सोडायची नाही, सह्या वहीवरच घ्यायच्या. पण पहिला खर्डा बोलून होतो. हिशेबाचं पान मोठं करून मध्ये ठेवलं, की चार-पाच जणी एकदम बघू शकतात. लहान फोन एकीच्या हातात राहतो आणि बाकीच्या तिच्या तोंडाकडं बघत बसतात. मोठा मध्ये ठेवता येतो. आमच्यातल्या एक आजी निरक्षर आहेत, पण त्यांना आकडे कळतात. त्या बोट ठेवून म्हणाल्या, "माझं हितं 200 कमी दिसत्यात." आणि खरंच कमी होते. जमा वहीतून उतरवताना माझीच चूक झाली होती.

शेतात ई-पीक पाहणीला बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. जुन्या फोनवर उन्हात काही दिसायचंच नाही, पदराची सावली करून बघायची. ह्याची पाटी भर दुपारी स्पष्ट दिसते. डाळिंबाच्या पानावर डाग दिसला की जवळून फोटो काढून कृषी सहायकांना धाडते. पावसाळ्याआधी विजा पडतात तेव्हा 'दामिनी' नावाचं ॲप कामाला येतं. पुण्याच्या हवामान संस्थेनं ते केलेलं आहे. आपल्या आसपास वीज पडण्याचा धोका असला की ते इशारा देतं. शेळ्या घेऊन माळावर जाणाऱ्या बाईनं ते जरूर ठेवावं.

आणि सासूबाईंचं काय सांगू! थोरल्याला मुलगी झाली. जुन्या फोनवर त्यांना पणती दिसायचीच नाही, "काय तरी हलतंय" म्हणायच्या. मोठ्या पाटीवर पहिल्यांदा नीट बघितली तेव्हा त्यांनी फोनवरूनच तिची दृष्ट काढली, कडाकडा बोटं मोडली. त्या दिवसापासून त्यांनी फोनला पाटी म्हणायचं सोडलं.

पण मैत्रिणींनो, आता नीट ऐका. एवढी सुखं मी सांगितली, त्यातली लाखाच्या फोनशिवाय न मिळणारी किती? मोठी अक्षरं, बोलून लिहिणं, ई-पीक पाहणी, दामिनी, पणतीचं दर्शन, हे सगळं 12-15 हजारांच्या फोनवरही होतं. त्या फोनची पाटीही आता साडेसहा इंचांच्या आसपासची येते. माझ्या फोनचं जास्तीचं म्हणजे उन्हात चांगलं दिसणं, रात्रीच्या अंधारात चांगला फोटो आणि लांबचं जवळ ओढून दाखवणारा कॅमेरा. बाकीचे पैसे आहेत ते झळाळीचे.

आणि महागडा फोन आपल्याला फसवणुकीपासून वाचवत नाही. एकदा मला मेसेज आला, एका सरकारी योजनेचं नाव आणि खाली लिहिलेलं, "यादीत तुमचं नाव बघा." बरोबर एक फाईल. मी दाबलं. फोननं विचारलं, अनोळखी ठिकाणाहून आलेलं ॲप घ्यायचं का? माझं बोट 'हो'वर होतं. धाकटी दहावीला आहे. तिनं ओरडून फोन ओढून घेतला. त्या फाईलच्या नावाला शेवटी 'एपीके' होतं. अशी ॲप आत शिरली की आपले मेसेज वाचतात, ओटीपी परस्पर जातो, खातं रिकामं होतं. दार सागवानी असलं तरी कडी आपणच उघडली तर चोराला काय? म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल उघडायची नाही, मग ती नात्यातल्या माणसाच्या नंबरावरून आलेली का असेना. आणि पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याकडून गेले. तरी फसगत झालीच तर रडत न बसता लगेच 1930 ह्या नंबरावर फोन करायचा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

आता ती बैठक.

आमच्या गटातल्या एक वहिनी, माझ्यापेक्षा वयानं थोड्या लहान, पण आमच्या वाटेवरच्या म्हणून मी वहिनी म्हणते. त्यांनी अर्ज दिला, 60,000 रुपये कर्ज हवं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पोराला फोन घ्यायचाय. मोठा, चांगल्या कॅमेऱ्याचा." बाकीच्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हणाले, "वहिनी, फोनला एवढं कर्ज?" त्या ताडकन म्हणाल्या, "ताई, तुमच्या गळ्यात लाखाचा लटकतोय, म्हणून माझ्या पोराचा तुम्हांला जास्त वाटतोय. तुम्हांला फुकट मिळाला. आमाला कोण देणार?"

मला काही बोलता येईना. पिशवी गळ्यातच होती. त्यांचं काय चुकलं होतं? रोज मी त्यांच्यासमोर तो मिरवत नसले तरी वापरत होतेच. ज्यांच्या घरात फोन आला तिथल्या बाईनं दुसरीला "तुला नको" म्हणायचं, हे शोभत नाही. पण सचिव म्हणून गप्प बसणंही शोभत नव्हतं. मी पिशवीतून फोन काढला, कव्हर उतरवलं आणि तडकलेली पाठ सगळ्यांना दाखवली. आणि आज तुम्हांला सांगितलं ते सगळं सांगितलं. 6,000 ची पाठ, 20 हजारांची पाटी, चार्जर, अंगठा. "हे माझ्या पोरानं मला दिलं, त्याची दुरुस्ती मला परवडत नाही," म्हणाले. "हे मी आजवर कुणाला दाखवलं नव्हतं."

मग आम्ही वहीवर हिशेब मांडला. आमच्या गटाचा व्याजदर महिन्याला 2 टक्के, उरलेल्या मुद्दलावर. 60,000 रुपये 24 महिन्यांत फेडायचे, म्हणजे महिन्याला 2,500 मुद्दल. पहिल्या महिन्याचं व्याज 1,200, म्हणजे पहिला हप्ता 3,700. पुढं व्याज उतरत जातं. दोन वर्षांत एकूण व्याज 15,000. म्हणजे 60 हजारांचा फोन 75 हजारांना पडला. आणि दोन वर्षांनी तो विकायला गेलं तर निम्मेही येतील की नाही, कुणास ठाऊक. तेवढ्याच पैशांत चार शेळ्या येतात आणि दोन वर्षांत त्यांची करडं होतात. फोनला करडं होत नाहीत.

वहिनी म्हणाल्या, "दुकानदार तर बिनव्याजी हप्ता देतोय." त्यावरही बोलणं झालं. बिनव्याजी म्हणतात तिथं प्रोसेसिंग फी असते, रोखीनं घेतल्यावर मिळणारी सूट जाते आणि हप्ता चुकला तर दंड. शिवाय हप्ता चुकल्याची नोंद सिबिलला होते. उद्या पीककर्जाला बँकेत गेलं की साहेब तीच नोंद दाखवतात. फोनच्या हप्त्यापायी पेरणीचं कर्ज अडकायला नको.

पण मग आमच्या त्या आजी, हिशेबातली 200 ची चूक पकडणाऱ्या, त्यांनी असा प्रश्न विचारला जो आम्ही कुणी विचारलाच नव्हता. "आगं, पर पोराला फोन पायजे कशाला?" वहिनींचे डोळे भरले. पोरगा बारावी झाला आहे, घरी बसून आहे. एका फोटोवाल्याबरोबर लग्नं, बारशी, बैलांच्या शर्यती अशा ठिकाणी हाताखाली जातो. स्वतःचा चांगला कॅमेऱ्याचा फोन असला तर स्वतः व्हिडिओ करून देईन, म्हणतो. म्हणजे हौस नव्हती, धंद्याची आशा होती. आम्ही ते विचारायच्या आधीच नको म्हणायला निघालो होतो.

दोन तास बैठक चालली. ठराव असा झाला. आत्ता 18,000 द्यायचे, 12 महिन्यांत फेड. महिन्याला 1,500 मुद्दल आणि व्याज, वर्षाचं एकूण व्याज 2,340. त्या पैशांत बऱ्यापैकी कॅमेऱ्याचा फोन येतो. पोरानं सहा महिने काम करून मिळालेले पैसे वहीत लिहायचे. कमाई दिसली तर पुढच्या मोठ्या कर्जाचा अर्ज गट पुन्हा ऐकेल. आणि मी माझ्याकडून एक बोलले, ते ठरावात नाही. एखाद्या मोठ्या कामाला रात्रीचा व्हिडिओ हवा असेल तर माझा फोन एका दिवसासाठी न्यावा. बँकेचं, यूपीआयचं सगळं कुलूप लावून, सिम काढून देईन.

वहिनी त्या दिवशी माझ्याशी न बोलता गेल्या. पुढच्या बैठकीला आल्या तेव्हा माझ्या शेजारी बसल्या. आतापर्यंत चार हप्ते वेळेवर आले आहेत. पोरानं माझा फोन एकदाच नेला, एका हळदीच्या रात्री, आणि सकाळी पुसून, पिशवीत घालून आणून दिला. त्याचा धंदा चालेल का, मला माहीत नाही. पण हप्ता चालू आहे आणि वहीत कमाईच्या पाच ओळी आहेत.

जाता जाता, पुढच्या बैठकीत करायच्या चार गोष्टी सांगते. स्वस्त फोन असो की महाग, सगळ्यांनी करायच्या.

पहिली, फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. 15 आकड्यांचा आयएमईआय नंबर दिसेल. तो घरातल्या वहीत लिहून ठेवा. फोन चोरीला गेला तर आधी पोलिसांत तक्रार द्या, मग त्या तक्रारीच्या आधारानं सरकारच्या 'संचार साथी'वर हाच नंबर देऊन फोन बंद पाडता येतो.

दुसरी, अक्षरं मोठी करून घ्या. स्वतःचा मेसेज स्वतः वाचा.

तिसरी, फोनचं आणि यूपीआयचं कुलूप वेगवेगळ्या आकड्यांचं ठेवा. तो आकडा कव्हरमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवू नका. आमच्या गटात तिघींच्या कव्हरमध्ये सापडला.

चौथी, फोनसाठी कर्ज मागायला कुणी आली तर नाही म्हणायच्या आधी विचारा, कशाला हवा आहे? आणि हो म्हणायच्या आधी वहीवर हिशेब मांडा.

माझ्या फोनची पाठ अजून तडकलेलीच आहे. थोरल्याला अजून सांगितलेलं नाही. आज रेडिओवर सांगितलं. तो तिकडं ऐकत नाही, पण त्याच्या आजीला तोंड आवरत नाही, तेव्हा रात्रीच्या फोनवर त्याला कळेलच.

चला, शेळ्या सोडायची वेळ झाली. नमस्कार.